ग्रानाडातला अकीका

"दोन गोष्टींकडे लक्ष ठेव," निघताना आपाने मला बजावलं. "बाळंतपणानंतर पोरीला रोज एक मेथीचा लाडू खायला घाल, आणि बाळाचं नाव आपलंच राहील असं बघ."

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती मिरजेत असते. तिची मुलगी सहा वर्षांपूर्वी स्पेनमधल्या ग्रानाडा शहरात शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच तिचं लग्न झालं. जावई स्पॅनिश आहे. लग्नाच्या कितीतरी आधीपासून तो मुसलमान आहे, पण त्याचे आईवडील ख्रिस्ती. आता भाचीचं पहिलं बाळंतपण होतं. आपाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. मला शाळेची मे महिन्याची सुट्टी होती. तेव्हा लाडवांचे डबे, बाळंतविडा आणि आपाने लिहिलेली एक चिठ्ठी घेऊन मी निघाले. मुलगी होणार हे तिकडे डॉक्टर आधीच सांगतात, त्यामुळे चिठ्ठीत फक्त मुलींची नावं होती: गुलशन, हाजरा, शाहीन, हुमैरा. 'गुलशन'खाली आपाने दोन रेघा मारल्या होत्या. आमच्या अम्मीचं नाव गुलशन होतं.

माद्रिदहून ग्रानाडाला रेल्वेने गेले. आमच्या तासगावकडे द्राक्षबागा जशा संपता संपत नाहीत, तशी वाटेत ऑलिव्हची झाडं संपत नव्हती. ग्रानाडात पोहोचले आणि मान वर करून बघतच राहिले. मे महिना असूनही सिएरा नेवादाच्या शिखरांवर बर्फ होतं, त्याखाली टेकडीवर लालसर भिंतींचा अलहम्ब्रा, आणि त्याच्या समोरच्या टेकडीवर अल्बाइसिन ही जुनी मुसलमानी वस्ती. भाचीचं घर तिथेच होतं. गल्ल्या अरुंद, चढाच्या, नदीतले गोटे बसवून केलेल्या. माझ्या बॅगेचं एक चाक पहिल्याच चढावर निखळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाची आई आली. सत्तरीच्या पुढचं वय, पण तो चढ ती रोज चढते. हातात झाकलेलं पातेलं. मला मिठी मारून, दोन्ही गालांना गाल लावून ती भराभर काहीतरी बोलू लागली. मला एक अक्षर कळेना. मधूनमधून मात्र ती "ओ खाला!" म्हणायची, आणि मी "जी?" म्हणून तिच्याकडे बघायची. तीन-चार वेळा असं झाल्यावर भाची हसून लोळायची बाकी राहिली. "खाला, त्या तुला हाक मारत नाहीत. 'ओखाला' हा त्यांचा शब्द आहे. 'असं होवो' या अर्थाचा. अरबांच्या काळातला आहे, त्यात 'अल्लाहने चाहलं तर' हे शब्द दडलेत." म्हणजे सकाळपासून विहीणबाई म्हणत होती: बाळंतपण सुखरूप होवो, ओखाला, बाळाचं वजन चांगलं भरो, ओखाला. गळ्यात क्रूस घातलेली ही बाई आमच्या घरातल्या कोणाहीइतकं इन्शाअल्लाह म्हणत होती, आणि ते तिच्या गावीही नव्हतं.

विहीणबाईचं नाव कारमेन. हे नाव मला तिच्या आधी भिंतींवर भेटलं होतं. अल्बाइसिनमध्ये उंच भिंतींआड घरं असतात. भिंतीवरून जाई, बोगनवेल आणि द्राक्षाचे वेल डोकावतात, आत सुरूची झाडं आणि पाण्याची खळखळ. दारावरच्या फरशीवर लिहिलेलं असतं: कारमेन अमुक, कारमेन तमुक. पहिल्या दिवशी मी जावयाला विचारलं, "या गल्लीतल्या सगळ्या घरमालकिणींचं नाव कारमेनच कसं?" तो इतका हसला की शेवटी रस्त्यातच बसला. ग्रानाडात कारमेन म्हणजे बाग असलेलं घर. अरबीत द्राक्षमळ्याला 'कर्म' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. भिंतीआड फळझाडं, भाजीपाला, कारंजं आणि राहायला दोन खोल्या, अशी ही जुनी घरं. विद्यापीठाचं पाहुण्यांसाठीचं घरही एका कारमेनमध्ये आहे. मी ते ऐकलं, हसले आणि विसरले.

चहा झाल्यावर भाचीने आपाची चिठ्ठी काढली आणि नावं रोमन लिपीत लिहून सासूपुढे ठेवली. विहीणबाईने चष्मा लावला आणि मन लावून वाचायला घेतलं.

स्पॅनिशमध्ये 'एच' लिहितात, पण उच्चारत नाहीत. 'जे' लिहिला की 'ख' वाचतात. 'श' हा उच्चारच त्यांच्या भाषेत नाही. त्यामुळे हाजराची 'अख्रा' झाली. शाहीनची 'साइन'. हुमैराची 'उमाइरा'. आणि गुलशनची 'गुल्सान'. भाचीने दुरुस्त केलं, विहीणबाईने पुन्हा म्हटलं, पुन्हा 'गुल्सान'च आलं. चौथ्या वेळी तिने कागद खाली ठेवला, आणि हसणं थांबवून काही बोलली. भाचीने मला अर्थ सांगितला: "माझ्याच नातीला मी जन्मभर चुकीच्या नावाने हाक मारणार का?"

मी पंचवीस वर्षं शाळेत आहे. उर्दू आणि मराठी शिकवते, पण दरवर्षी जूनमध्ये जनरल रजिस्टर भरायचं कामही माझ्याकडे असतं. नाव चुकलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. माझं स्वतःचं नाव माझ्या दहावीच्या दाखल्यावर एका काना-मात्रेने चुकलं, आणि नोकरीला लागताना त्या मात्रेपायी मी किती हेलपाटे घातले ते मीच जाणते. वर्गात एखादं मूल हजेरीला "हजर" म्हणताना किंचित थांबतं. ज्या नावाने हाक मारली ते आपलंच आहे का, हे ते मनात ठरवत असतं. ते थांबणं मला ओळखता येतं.

म्हणून मी शिक्षिकेसारखा मार्ग काढायचा ठरवला. रात्री एक वही घेतली, मधे रेघ ओढली. डावीकडे स्पॅनिश नाव, उजवीकडे आपलं. जावई आणि भाची सांगत गेले, मी लिहीत गेले. लुस म्हणजे प्रकाश, आपलं नूर. लुसिया त्याच घरातली. गेली कित्येक वर्षं स्पेनमध्ये जन्मणाऱ्या मुलींच्या नावांत लुसिया अगदी वरच्या ओळीत असते. आल्बा म्हणजे पहाट, आपली सहर. एस्त्रेया म्हणजे तारा, आपली नजमा. एस्पेरान्सा म्हणजे उम्मीद. पास म्हणजे शांती. मिलाग्रोस म्हणजे चमत्कार. मला वाटलं होतं परका मुलूख आहे. वही भरत गेली तशी ओळखीची माणसं भेटत गेली.

काही नावं तर सरळ आपलीच निघाली. माद्रिदच्या मुलींचं आवडतं नाव अल्मुदेना. ते तिथल्या मरियमच्या मूर्तीवरून आलं आणि त्या मूर्तीचं नाव अरबी 'अल-मुदैना' म्हणजे छोटा कोट यावरून. स्पेनच्या ख्रिस्ती घरांत फातिमा नावाच्या मुली असतात, हे ऐकून तर मी लेखणी खाली ठेवली. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे, १९१७ पासून ते ख्रिस्ती लोकांचं मोठं तीर्थ झालं, म्हणून ही नावं. आणि त्या गावाला हे नाव मिळालं ते अरबांच्या काळातल्या आपल्या फातिमावरून.

काही नावांनी दचकायला झालं. दोलोरेस म्हणजे दुःखं. सोलेदाद म्हणजे एकटेपण. ग्रानाडातच अनेक बायकांचं नाव आंगुस्तियास आहे, म्हणजे यातना. कोणी आपल्या लेकीचं असं नाव ठेवतं? मला आपल्याकडच्या 'नकुशी' आठवल्या. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशींना समारंभाने नवी नावं दिली होती. पण जावयाने समजावलं की दोलोरेस हे नाव मुलगी नको म्हणून ठेवत नाहीत. मुलाच्या मरणाने मरियमला झालेलं दुःख, ते आठवावं म्हणून ठेवतात. नावाचा अर्थ शब्दकोशात अर्धाच असतो, उरलेला ठेवणाऱ्याच्या मनात असतो, हे मला तिथे कळलं.

वही भरली, पण एकमत होईना. तेव्हा मी आमच्याकडचा नेहमीचा तोडगा सुचवला: कागदावर लुसिया, घरात गुलशन. शाळेत एक नाव, घरात एक. पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधताना, नोकरीत, कितीजण असंच करतात. भाचीचा चेहरा उतरला. ती एवढंच म्हणाली, "उद्या याच्याबरोबर कापिया रेआलला जाऊन ये, खाला. मग बोलू."

कापिया रेआल म्हणजे राजघराण्याचं कबरस्तान असलेलं प्रार्थनाघर. राणी इसाबेल आणि राजा फर्नांडो यांच्या संगमरवरी कबरी तिथे आहेत. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडाच्या शेवटच्या मुसलमान सुलतानाने शहराच्या किल्ल्या दिल्या त्या यांनाच. पण जावयाने मला कबरींपाशी थांबू दिलं नाही. समोरच्या मोठ्या लाकडी वेदीच्या तळाशी, उठावाचं रंगीत कोरीवकाम आहे, साधारण १५२० च्या सुमाराचं. त्यात एका बाजूला पुरुषांचा घोळका आहे, दुसऱ्या बाजूला बायकांचा. बायकांनी अंगभर चादरी पांघरल्यात, अगदी आपल्या बायका पांघरतात तशा. पाद्री त्यांच्यावर पाणी घालतोय. सामुदायिक बाप्तिस्मा.

किल्ल्या देताना करार झाला होता: मशिदी राहतील, धर्म राहील, काझी राहतील. सात वर्षं तो कसाबसा पाळला गेला. १४९९ च्या अखेरीला कार्डिनल सिस्नेरोसने अल्बाइसिनमध्ये जबरदस्तीचे बाप्तिस्मे सुरू केले, हजारोंच्या संख्येने. लोक उठले, उठाव मोडला, आणि करार मोडायला निमित्त मिळालं. १५०२ मध्ये सगळ्या कास्तियासाठी हुकूम निघाला: ख्रिस्ती व्हा किंवा देश सोडा. ज्यांच्यावर पाणी पडलं त्या प्रत्येकाला त्या दिवशी एक नवं नाव मिळालं. कालपर्यंतची आयेशा आज इसाबेल.

मी त्या चादरीतल्या बायकांकडे बघत होते. रांगेतल्या शेवटच्या बाईला अजून तिचं नवं नाव कळलेलं नाही, असं मला वाटत राहिलं.

बाहेर बिब-रांब्ला चौकात फुलांच्या टपऱ्या आहेत. सिस्नेरोसने अरबी ग्रंथांची होळी केली ती याच चौकात, असं सांगतात. तिथल्या बाकावर बसून जावयाने मला पुढचं सांगितलं. घराघरांत दोन नावं सुरू झाली. बाप्तिस्मा करून मूल घरी आणलं की ऊन पाण्याने त्याला धुवायचं. सातव्या दिवशी आंघोळ घालून, नवे कपडे चढवून, कानात खरं नाव सांगायचं. या विधीला ते 'फादास' म्हणत. सातवा दिवस, आंघोळ, नाव: आपला अकीकाच तो, दार लावून केलेला. पकडले गेले तर खटला चालायचा.

मग १५६७ च्या १ जानेवारीला दुसऱ्या फेलिपे राजाचं फर्मान जाहीर झालं. अरबी बोलायची नाही, बायकांनी तोंड झाकायचं नाही, हमामात जायचं नाही, आणि मुसलमानी नावं-आडनावं ठेवायची नाहीत. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुले नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थाने सरकारदरबारी एक लांबलचक अर्ज केला. त्याच्या नावातच सगळा इतिहास आहे: फ्रान्सिस्को हे बाप्तिस्म्याचं, आणि शेवटचं मुले म्हणजे आपला 'मौलाई'. त्याचं म्हणणं साधं होतं. आडनावंच पुसलीत तर माणसं एकमेकांना ओळखणार कशी? कोण कोणाच्या घरातला हे कळणार कसं? कोणी ऐकलं नाही. पुढच्या वर्षाअखेरीस आल्पुखारासच्या डोंगरात बंड झालं. त्याचा म्होरक्या एर्नान्दो दे वालोर याने पहिली गोष्ट केली ती ही, की बाप्तिस्म्याचं नाव टाकून अबेन उमेया हे नाव घेतलं. बंड चिरडलं गेलं, ग्रानाडाचे मुसलमान देशभर पांगवले गेले, आणि १६०९ ते १६१४ या काळात स्पेनमधून सुमारे तीन लाख माणसं हाकलली गेली.

नावांवरचा पहारा त्यानंतरही संपला नव्हता. फ्रांकोच्या राज्यात, १९३८ च्या आदेशाने, बास्क आणि कातालान लोकांनाही आपल्या भाषेतली नावं मुलांना देता येत नव्हती. तो पहारा उठला १९७७ च्या कायद्याने.

घरी आले तेव्हा भाची खिडकीत बसली होती. समोर अलहम्ब्रावर संध्याकाळचं ऊन होतं. ती म्हणाली, "खाला, तेव्हा लोकांनी दोन नावं ठेवली, कारण त्यांना दुसरा रस्ताच नव्हता. मला आहे. माझ्या मुलीला एकच नाव असेल. शाळेत, मशिदीत, आजीकडे, मिरजेत, सगळीकडे तेच. तिला कुठेही थांबून विचार करावा लागू नये की इथे मी कोण."

'थांबून' हा शब्द तिने वापरला. मला माझा वर्ग आठवला.

त्या रात्री झोप येईना म्हणून वही उघडली. उजवीकडे आपाची नावं, डावीकडे जागा रिकामी. शाहीनसमोर स्पॅनिश नाव मिळालं नव्हतं. गुलशनसमोरही नव्हतं. गुलशन म्हणजे बाग. बाग या अर्थाचं मुलीचं नाव स्पॅनिशमध्ये काय असेल असा विचार करत होते, आणि एकदम दारांवरच्या त्या फरशा डोळ्यांपुढे आल्या. सहा दिवस मी बागांच्या नावांखालून जात-येत होते.

सकाळी भाचीला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "इथे पहिल्या नातीला आजीचं नाव ठेवायची रीत आहे. पण सासूबाईंनी एकदाही तोंडातून काढलेलं नाही." का, ते जावयाने सांगितलं. त्याने इस्लाम स्वीकारला तेव्हा आई रडली नव्हती, भांडली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं, "मी ठेवलेलं नाव बदलणार का?" तो नाही म्हणाला. "मग मी त्या रात्री झोपले," असं ती आजही सांगते.

आता उरली आपा. फोन लावला. आपाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कारमेन? हे ख्रिस्ती नाव आहे."

आपाशी लपवाछपवी चालत नाही. मी म्हटलं, हो, ख्रिस्ती बायकांत फार चालतं. पॅलेस्टाईनच्या भूमीत, हैफाजवळ कारमेल नावाचा डोंगर आहे, इब्रानी भाषेत त्याचा अर्थ फळबाग. त्या डोंगरावरून मरियमला एक उपाधी मिळाली आणि त्या उपाधीवरून हे नाव. ग्रानाडातलं घराचं कारमेन आलं अरबीतून. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द, पण दोन्ही वाटा बागेतच पोहोचतात. अरबी आणि इब्रानी तर बहिणीबहिणीच.

"मग गुलशनच का नको? ते तरी आपलं आहे."

"आपा, गुलशन फारसी आहे. तुझ्या यादीतलं शाहीनही फारसी. परवीन, फिरोज, रुखसाना, सगळी फारसी. इस्लाम इराणात गेला तेव्हा तिथली नावं आपल्या घरात आली. उमर, खालिद, खदीजा ही नावं तर इस्लामच्या आधीपासूनची, आणि ती बदलायला कोणी सांगितलं नाही. पैगंबरसाहेबांनी (स.) बदलली ती वाईट अर्थाची नावं." आपा चांगली शिकलेली आहे, तिला तो किस्सा ठाऊक होता. आसिया नावाच्या एका बाईचं नाव त्यांनी जमीला ठेवलं होतं. ती आसिया ऐन-स्वादची, म्हणजे आज्ञा मोडणारी. फिरऔनची पत्नी ती वेगळी, तिचं नाव अलिफ-सीनने लिहितात.

आपा म्हणाली, "तुझं उर्दूचं ज्ञान माझ्यावर पाजळू नकोस. तिथल्या मशिदीत विचार."

विचारलं. २००३ मध्ये अल्बाइसिनच्या माथ्यावर ग्रानाडाची मोठी मशीद उघडली. शेजारच्या सान निकोलास चौकात पर्यटक गिटार ऐकत बसतात आणि मशिदीच्या बागेतून समोर अलहम्ब्रा दिसतो. पाचशे वर्षांनंतर या टेकडीवर अजान झाली ती तिथून. तिथे मुलांना कुरआन शिकवणारी एक वयस्क स्पॅनिश बाई भेटली. ती म्हणाली, "नावाचा अर्थ वाईट नसला आणि त्यात अल्लाहखेरीज कोणाची बंदगी नसली, तर ते चालतं. मी माझं बदललं नाही. आईने प्रेमाने ठेवलेलं होतं." तिचं नाव मी विचारलं. आंगुस्तियास.

आपाला हे सांगितलं. ती "बरं" म्हणाली. हो म्हणाली नाही.

बाळ जुम्म्याच्या पहाटे आलं. तीन किलो शंभर ग्रॅम. जावयाने कानात अजान दिली. तिकडे रुग्णालयातूनच जन्माची नोंद ७२ तासांच्या आत पाठवता येते. नाहीतर आईबापांनी दहा दिवसांत नोंदणी कार्यालयात जायचं. भाचीने दुसरा रस्ता धरला, कारण तिला नाव सातव्या दिवशी ठेवायचं होतं. मोरोक्कोच्या खाटकाकडे बोकड सांगितला होता. मुलीसाठी एक. जावळ काढलं, त्याच्या वजनाइतक्या चांदीचे पैसे खैरात केले. दार सताड उघडं होतं. गल्लीतल्या शेजारणी आल्या, जावयाचे मित्र आले, त्याचे वडील आले. विहीणबाई स्वयंपाकघरात माझ्याबरोबर कांदा कापत होती. नाव सांगायची वेळ झाली तेव्हा भाचीने बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि नाव सांगितलं.

विहीणबाई काहीच बोलली नाही. कांद्याचा हात तसाच डोळ्यांना लावला आणि मग कांद्याला नावं ठेवत बसली.

नवव्या दिवशी आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. नियम थोडे आहेत: फार तर दोन साधी नावं किंवा एक जोडनाव, मुलाचा अवमान करणारं नाव नको, ओळख पटायला घोटाळा होईल असं नको. नाव लिहून झाल्यावर कारकुनाने विचारलं, "आडनावं?" तिकडे लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, आणि मुलाला दोन आडनावं लागतात, एक बापाचं, एक आईचं. कुठलं आधी ते आईबापांनी ठरवायचं. भाचीने आपलं माहेरचं आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मी कारकुनाच्या खांद्यावरून बघत होते, सवयच आहे. एकही मात्रा चुकली नाही. त्या म्हाताऱ्या नुन्येस मुलेच्या शहरात, सरकारी दप्तरात, मिरजेच्या आमच्या भावजींचं आडनाव लिहिलं गेलं.

हे आपाला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. भावजींना जाऊन चार वर्षं झाली. मुलीच्या लग्नाबरोबर ते आडनाव संपलं असं ती धरून चालली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. पाचवीचं रजिस्टर भरताना या वेळी मी आधीच्या दाखल्यावरून नावं उतरवली नाहीत. प्रत्येक मुलाला जवळ बोलावलं, स्वतःचं नाव स्वतः म्हणायला लावलं आणि मग लिहिलं. दोन नावं दाखल्यावर चुकलेली सापडली. दुरुस्तीचे अर्ज मीच लिहून दिले.

आपा अजून त्या नावाने हाक मारत नव्हती. व्हिडिओवर बाळ दिसलं की "माझं सोनं", "माझी बाहुली" असंच चालायचं. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. भाचीचा फोन आला, तिने बाळ कॅमेऱ्यापुढे धरलं. पलीकडून विहीणबाईचा आवाज आला, "कारमेन, कारमेन!" बाळाने मान वळवली.

आपा स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तिकडे कारमेन, आणि इकडे मला करमेना." मग पदराने चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच हाक मारली, "कारमेन, ए कारमेन, इकडे बघ, मी तुझी नानी."